निळ्या पेन्सिलीचा नवस

मित्रांनो, काठाला टवका उडालेली आणि बुडाशी विटकरी डाग धरलेली मी एक जुनी काचेची परीक्षानळी आहे. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तूंनी जरा मान खाली घालून, हळव्या आवाजात बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. माझ्याच्यानं ते होणार नाही. मला राग आलेला आहे. तो कितीतरी वर्षं माझ्या पोटात आहे, आणि मी पडले काचेची; पोटातलं लपवणं मला जमत नाही.

माझा जन्म फिरोजाबादेकडच्या एका भट्टीत झाला. ज्या कारागिरानं ज्योतीवर फिरवून फिरवून माझं बूड गोल केलं, तो मला उजेडात धरून म्हणाला होता, "आग सोसेल ही." पुढं गवतात गुंडाळून मला रायपूरला आणलं आणि तिथून भिलाईला. साल होतं पंचाहत्तर. इथं माझी गाठ पडली ती डॉक्टर विजया ठोंबरे यांच्याशी. नागपूरहून नुकत्याच आलेल्या, लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांचा ध्यास एकच होता: जी लेकरं पोटभर खातात आणि तरी आतून उपाशी राहतात, त्यांच्या शरीरात चुकतं काय? कुणाला लहानपणीच मधुमेह होतो, कुणाच्या रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या एखादा दोष चालत येतो. दवाखान्याचं काम आटोपलं की त्या या लेकरांच्या वह्या घेऊन बसायच्या.

माझं काम साधं होतं. माझ्यात निळं औषध ओतायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. साखर नसेल तर निळं निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारंगी, आणि फारच असेल तर भाजल्या विटेसारखं लाल. कीर्तनकार जसा पूर्वरंगातून उत्तररंगात येतो तशी मी निळ्यातून लालात यायची. फरक इतकाच, की कीर्तन ऐकायला लोक गोळा होतात आणि ऐकलेलं मनात धरतात. माझं ऐकून लोक एकमेकांची तोंडं पाहायचे.

कुम्हारीहून एकदा वीस दिवसांचं बाळ आणलं होतं. डोळे पिवळे, दूध पाजलं की उलटी. माझा रंग नारंगी आला, पण रक्तातली साखर तर कमी. सगळे बुचकळ्यात पडले. डॉक्टरबाईंनी ओळखलं, ही साखर दुधातली आहे, बाळाच्या शरीराला ती पचवताच येत नाही. दूध बंद केलं आणि चौथ्या दिवशी बाळ हातपाय हलवू लागलं. याच आईची आधीची दोन लेकरं अशीच गेली होती, आणि गाव म्हणत होतं की हिच्या दुधातच विष आहे. डॉक्टरबाईंनी सासऱ्याला समोर बसवून सांगितलं, "असा दोष आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो. दोन्ही अर्धे जुळले तरच लेकरू आजारी पडतं." सासरा हो हो म्हणाला, बाळ उचललं आणि चालता झाला. सहा वर्षं जिला विषारी म्हटलं, तिच्याशी एक शब्द बोलला नाही. मला राग येण्याची ती पहिली वेळ.

मग शहात्तरच्या पुढं डॉक्टरबाईंनी मधुमेहाच्या अकरा लेकरांची पाहणी सुरू केली. इतक्या लहान वयात हा रोग आपल्याकडच्या मुलांना कसा होतो, घरात कसा सांभाळता येतो, ते त्यांना लिहून काढायचं होतं. प्रत्येक घरी एक परीक्षानळी, एक स्पिरिटचा दिवा, एक लाकडी चिमटा आणि एक वही दिली. वहीत रोजचे चार चौकोन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची अडचण होऊ नये म्हणून सोबत पाच रंगीत पेन्सिली. नळीत जो रंग दिसेल तो चौकोनात भरायचा. मला त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात घालून शेषरावांच्या क्वार्टरमध्ये पाठवलं.

शेषराव भंडाऱ्याकडचे, पोलादाच्या प्लान्टात रोलिंग मिलवर कामाला. बायको मथुरा, म्हातारी आई भागीरथा, आणि एकुलती एक मुलगी जया. जयाला चौथ्या वर्षी मधुमेह झाला. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन, माठातल्या गारव्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली, आणि मी. घर गरीब नव्हतं, वाईटही नव्हतं. माळकरी माणसं. संध्याकाळी हरिपाठ झाल्याशिवाय चूल पेटायची नाही. भागीरथाआजी टाळ धरायची तेव्हा माझ्या काचेत बारीक कंप उठायचा, इतका तो ठेका पक्का होता. त्या घरावर माझं प्रेम होतं. म्हणूनच पुढचं सांगताना माझा जीव जास्त जळतो.

कारण त्या घरानं मला न्यायाधीश करून टाकलं होतं.

मी निळी राहिले की आजी जयाच्या कानशिलावर बोटं मोडायची. "गुणाची वं माझी बाई." मी लाल झाले की आधी पोरीकडं पाहायची, "काय चोरून खाल्लं?" आणि मग सुनेकडं. "तुह्या माहेरचं रक्तच गोड. तोंड कडू न रक्त गोड."

"आई, तिनं काही नाई खाल्लं. सर्दी झाली तरी वाढते म्हणत डॉक्टरीणबाई."

"डॉक्टरीणबाईले सात पोरं हायेत काय? मले झाले सात. आमच्याकडं असं कोणालेच नाई झालं."

मथुरा खाली मान घालून मला धुवायची. जया दारातून ते पाहत असायची. मित्रांनो, साखर सर्दीतापानं वाढते, पोरगी घाबरली तरी वाढते, आणि कधीकधी का वाढली ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. लाल हा रंग गुन्हा नव्हता. लाल म्हणजे एवढंच, की औषध कमी पडतंय, लक्ष द्या. मी हाक मारत होते. तुम्ही त्या हाकेलाच निकाल समजलात.

आणि डॉक्टरबाई? त्यांनाही मी सोडणार नाही. पानभर निळे चौकोन दिसले की त्या वहीत लाल शाईनं लिहायच्या, "शाबास जया." लाल चौकोनांच्या पानावर काहीच लिहायच्या नाहीत. लेकराला वाचता येतं, आणि न लिहिलेलं तर त्याला आधी वाचता येतं.

त्र्याऐंशी साली वैशाली नगरच्या मैदानावर सप्ताह ठरला. मंडळाचे अध्यक्ष दौलतराव, प्लान्टात हेडक्लार्क. माणूस हौशी, पण माइक हातात आला की हातातून सुटायचा नाही. एका संध्याकाळी ते वर्गणीसाठी घरी आले आणि माझ्या डब्याकडं पाहून म्हणाले, "शेषराव, तुह्या घरात बाटल्या न नळ्या पाहून लोक म्हणतीन, हा माळकरी दारू गाळते."

शेषराव हसले. आजी नाही हसली. ती म्हणाली, "दौलत, मी नवस बोलली बाबा. सव्वा महिना पोरीचा रंग निळा राहिला, त काल्याच्या दिवशी माह्या हातानं महाराजाले हार घालीन न साऱ्या मंडपाले जेवू घालीन. काल्याच्या दिवशीच सव्वा महिना भरते."

"वा, मावशी. मी माइकवर जाहीर करतो नं. साऱ्या भिलाईले समजू द्या देवाचा प्रताप."

मथुरा भाजी निवडत होती. ती हळूच म्हणाली, "आई, निळं राहणं पोरीच्या हाती नाई."

"पोरीच्या हाती कोण म्हणते? देवाच्या हाती हाय."

पण आजी, तू तो नवस बोललीस तेव्हा देव सिंहासनावर होता आणि पोरगी तुझ्यासमोर पाटावर बसली होती. ऐकला तो तिनं.

तेव्हा जया अकरा वर्षांची होती. मथुरा सप्ताहाच्या तयारीत, पापड-शेवया करण्यात, धान्य निवडण्यात गुंतलेली, म्हणून तपासणी जयाच करायची. "आता मोठी झाली ती," असं सगळे कौतुकानं म्हणायचे. पहिले पाच दिवस मी निळी-हिरवी राहिले. हिरवा आला की ती डोळे बारीक करून निळा म्हणायची. सहाव्या दिवशी तिला सर्दी झाली आणि मी पिवळी झाले. मोरीच्या आडोशाला बसून तिनं मला दिव्यावरून खाली घेतलं आणि माझ्याशी बोलली. घरात मराठी बोलणारी ती पोर एकटी असली की शाळेतल्या हिंदीत बोलायची.

"ए, तू नीली हो ना. बस इतने दिन. फिर जो होना है हो जा."

मी पिवळीच राहिले. मी दुसरं काय करणार होते? तिनं मला मोरीत उलटं केलं, घासून स्वच्छ धुतलं, आणि निळी पेन्सिल उचलली.

त्या दिवसापासून मी रोज चार वेळा खरं बोलत होते आणि रोज चार वेळा मोरीत वाहून जात होते. पिवळी, नारंगी, लाल. वहीत निळा, निळा, निळा. आजी चौकोन मोजून देवापुढं तेवढे तांदळाचे दाणे ठेवायची. सुनेला टोमणा नाही, पोरीला प्रश्न नाही. घरात अशी शांतता कधी नव्हती. मथुरा चुलीपुढं गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकली. ते गुणगुणणं पोरीनं स्वतःच्या रक्ताच्या मोलानं विकत घेतलं होतं.

दर दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरबाई वही पाहायला यायच्या. दोन आठवडे सगळं निळं पाहून त्या खूश झाल्या. "इतकं निळं असेल तर औषध जास्त होतंय. साखर फार खाली गेली तर पोरगी बेशुद्ध पडेल. सकाळचं इंजेक्शन कमी करू या." वहीवर विसंबून त्यांनी हिशेब केला, आणि वहीपुरता तो बरोबर होता. खाली लिहिलं, "शाबास जया. फारच छान."

पुढच्या खेपेला पुन्हा सगळं निळं. पुन्हा औषध कमी. या वेळी त्या जराशा थबकल्या. "वाळली का हो ही?"

"उंची सुटली तिची," आजी म्हणाली. "माह्या लेकाच्या अंगावर गेली."

"पाणी फार पिते का, जया?"

जयानं आजीकडं पाहिलं, मग आईकडं. "नाई, डॉक्टरबाई."

"बरं. रक्त पुढच्या महिन्यात तपासूच."

मी डब्यात होते. एक वीत अंतरावर. माझ्या बुडाशी सकाळच्या लालाचा डाग बसला होता, घासूनही न गेलेला. डबा उघडून मला नुसतं उजेडात धरलं असतं तरी पुरे होतं. कुणी धरलं नाही. शिकलेल्या बाईनं कागद पाहिला आणि पोरगी पाहायची राहून गेली.

सप्ताह बसला. महाराज होते मारोतराव, उमरेडकडचे, साधे शेतकरी, आवाज मात्र असा की मंडपाचे बांबू ऐकत उभे आहेत असं वाटावं. मथुरा माझा डबा पिशवीत घालून रोज मंडपात न्यायची, जेवणाआधीची तपासणी, जी तिथंही जयाच आडोशाला करायची, ती चुकू नये म्हणून, त्यामुळं मलाही कीर्तन घडलं. त्या सात दिवसांचं सुख मी नाकारणार नाही. मृदंगावर थाप पडली की माझी भट्टीतली ऊब मला परत यायची. मारोतराव सांगत, भक्ती म्हणजे देवापुढं आहे तसं उभं राहणं. चिखल असेल तर चिखलासकट. माणसं डोलायची. आजी तर डोळे पुसायची. तीन हात अंतरावर तिची नात तहानेनं ओठ चाटत बसलेली असायची.

काल्याचा दिवस उजाडला. सकाळी जयानं घाईघाईत तपासणी केली. मी विटेसारखी लाल, घट्ट, गढूळ. तेवढ्यात बाहेरून हाका आल्या, "जया, चाल लवकर, हार घ्यायचा हाय." तिनं मला तसंच चिमट्यासकट डब्यात कोंबलं, वहीतला शेवटचा चौकोन निळा केला आणि भिंतीला धरून धरून बाहेर गेली.

दहीहंडीआधी दौलतरावांनी माइक घेतला. "माउलींनो, या लेकराचा सव्वा महिना, एकही दिवस न चुकता..." जया हार घेऊन उभी होती. ती खाली बसली. मग आडवी झाली. श्वास खोल, जोरजोरात चालू लागला, डोळे अर्धे मिटले, हाक मारली तर उत्तर नाही.

कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं."

दौलतराव माइकमधूनच म्हणाले, "पाह्यलं? देवानं पोरीले पावती देल्ली." आणि मित्रांनो, बायका पुढं आल्या. माझ्या जयाच्या कपाळाला कुंकू लावलं, बुक्का लावला, तिच्या पायावर डोकी ठेवली. एक जण काल्याचा गोड घास तिच्या तोंडात घालू लागली. मरायला टेकलेलं लेकरू हवेसाठी धडपडत होतं आणि माणसं त्या धापेला देव समजून हात जोडत होती. त्या क्षणी मी आपणहून फुटले असते तर बरं झालं असतं.

मारोतरावांनी वीणा शेजाऱ्याच्या गळ्यात घातली आणि खाली उतरले. जयाच्या तोंडाशी वाकले. "हिच्या श्वासाले सडल्या फळासारखा वास येते. कोण हो हिची माय?"

"मी." मथुरा गर्दीतून आली.

"पोरगी आजारी हाय काय, बाई?"

"साखरेची हाय, महाराज. पण सव्वा महिना निळंच..." बोलता बोलता तिनं पिशवीतून डबा काढला, तपासणीसाठी. झाकण उघडलं आणि मला उचललं.

मला सकाळी कुणी धुतलं नव्हतं.

मथुरेनं मला उन्हात धरलं. मग वही उघडली. आजचा सकाळचा चौकोन निळा. तिनं एकदा मला पाहिलं, एकदा वहीला. मग मागची पानं चाळली. आजीनं विचारलं, "काय झालं वं?" तिनं मला आजीच्या हातात दिलं. आजन्म लेखणी न धरलेल्या त्या म्हातारीला मला वाचता येत होतं.

"नवस पुरा झाला नं, मावशी," दौलतराव अजून माइक धरून होते, "आता मधातच असं..."

"दौलतराव, तो भोंगा बंद करा," मारोतराव म्हणाले. "गाडी कोणाची हाय? देव कोण्या लेकराचा श्वास नाई चोरत." त्यांनी पोरीला दोन्ही हातांवर उचललं, लाउडस्पीकरवाल्याच्या मेटॅडोरमध्ये घातलं आणि स्वतः तिच्या उशाशी बसले. सप्ताहाचा काला त्या वर्षी कीर्तनावाचून झाला.

तीन दिवस जया दवाखान्यात बेशुद्ध होती. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि आईला पहिला प्रश्न विचारला, "आजी तुला बोलली काय?" खाटेजवळ डॉक्टरबाई होत्या. त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या, वही उघडली आणि आपलीच लाल शाई वाचत बराच वेळ उभ्या राहिल्या.

मग त्यांनी एक काम केलं, त्याबद्दल मी त्यांना अर्धी माफी दिली आहे. पाहणीतल्या बाकीच्या दहाही घरी त्या न सांगता गेल्या, लेकरांशी एकट्यानं बोलल्या. दहांपैकी सहा वह्या खोट्या निघाल्या. कुणी मार चुकवायला, कुणी आईचं रडणं चुकवायला, कुणी नुसत्या शाबासकीसाठी. सहा वर्षांची मेहनत कागदावरची निघाली. त्यांनी ती फाडली नाही. आपल्या लेखाचं पहिलं वाक्यच तसं लिहिलं: या वह्यांत साखर किती ते कळत नाही, घरात लेकराला किती भीती वाटते ते कळतं. आणि त्या दिवसापासून शाबासकी चौकोन भरल्याबद्दल मिळू लागली, रंग कुठलाही असो.

जया घरी आल्यावर त्या एक कोरा कागद घेऊन क्वार्टरवर आल्या. घराण्यात कुणाकुणाला काय झालं ते नव्यानं विचारायचं होतं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत काळं. मथुरेच्या माहेरची बाजू आधी काढून झाली. एकही काळं नाही. मग सासरची. आजी भिंतीला टेकून बसली होती. शेषराव म्हणाले, "आमच्याकडं कोणी नाई."

"एक चौकोन अजून काढ, डॉक्टरीणबाई," आजी म्हणाली.

"कोणाचा?"

"चिंधूचा. माहा पहिला. शेषाच्या आधीचा. सहा वर्षांचा होता. रातदिवस पाणी पाणी करे. घागर रिकामी करे न वाळतच जाय. शेवटी असाच धापा टाकून टाकून गेला." तिनं कागदावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "माह्या सासूनं मले म्हटलं होतं, तुह्याच रक्तात खोट हाय. तवापासून त्याचं नाव मी घरात घेतलंच नाई."

"म्हणजे ते मथुरेच्या सासरकडूनच आलं, असंही नाही," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "या रोगात नेमकं कोणाकडून काय येतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही, आजी. त्याचसाठी तर विचारून राहिले."

आजी उठली. गुडघ्यांवर हात टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत मथुरा पाठमोरी उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मथुरा, मले ठाऊक होतं वं," म्हातारी म्हणाली. "सात वर्षं तुले बोलली. मले ठाऊक होतं."

मथुरा वळली नाही. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, पदरानं हात पुसले, आणि म्हणाली, "पोरीच्या तपासणीची वेळ झाली, आई. दिवा तुम्ही धरा."

त्या दिवशी मी नारंगी आले. जयानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. आजीनं दिवा विझवला आणि पेन्सिली तिच्यापुढं सरकवल्या. तिनं नारंगी पेन्सिल घेतली.

पुढं कागदी पट्ट्या आल्या, मग बोटाला टोचून आकडा सांगणारं यंत्र आलं, आणि मला निवृत्ती मिळाली. आता मी डॉक्टरबाईंच्या कपाटात असते. मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही, मी काच आहे, फुटले तर केर. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादं साखरेचं लेकरू असेल. त्याचा आकडा वाढला तर काय खाल्लं म्हणून विचारू नका. त्याच्या वतीनं देवाला काही कबूल करू नका. एवढंच म्हणा, "खरं सांग, आम्ही रागावणार नाही," आणि मग खरोखरच रागावू नका. रागवायचं काम माझ्याकडं राहू द्या. चिंधूसाठी, कुम्हारीच्या त्या आईसाठी, आणि सव्वा महिना एकटीनं तहान गिळणाऱ्या त्या पोरीसाठी मी ते करत राहीन.